शिकवणी आणि शिकवणे : मराठी क्रियापदाची घडण व आघाताचे स्थान

प्रस्तावना

‘शिकवण्यासाठी वेळ नाही’ आणि ‘शिकवण्यांसाठी वेळ नाही’ ही दोन वाक्ये कागदावर जवळजवळ सारखी दिसतात. पहिल्यात ‘शिकवणे’ ही क्रिया आहे, दुसऱ्यात ‘शिकवणी’ या नामाचे अनेकवचन आहे. लेखनात दोहोंमधील फरक एका अनुस्वाराचा आहे आणि सर्वसाधारण बोलण्यात हा अनुस्वार उच्चारला जात नाही. तरीही मराठी मातृभाषा असलेला श्रोता या दोन वाक्यांत कधी गोंधळत नाही. पहिले वाक्य तो ‘शिकव्‌ण्यासाठी’ असे ऐकतो, दुसरे ‘शिक्‌वण्यासाठी’ असे. पहिल्यात ‘क’मधील अकार टिकतो व ‘व’मधील जातो, दुसऱ्यात ‘क’मधील जातो व ‘व’मधील टिकतो. लेखनात यांपैकी काहीही दिसत नाही.

हा फरक योगायोगाचा नाही. शब्द कोणत्या घटकांपासून, कोणत्या क्रमाने बनला यावर तो अवलंबून आहे. मराठीत आघाताला महत्त्व नाही, असे विधान अध्यापनात व पाठ्यपुस्तकांत वारंवार केले जाते. आघाताचे स्थान बदलून अर्थ बदलतो काय, एवढ्याच मर्यादित प्रश्नाचे उत्तर म्हणून ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. परंतु शब्दाची घडण उच्चारातील भार कोठे ठेवते, हा प्रश्न विचारला की मराठी क्रियापद अत्यंत नियमबद्ध असल्याचे आढळते. प्रस्तुत लेखात या नियमबद्धतेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. या विषयाचा संबंध शुद्धलेखनाशी, बोलीकडे पाहण्याच्या दृष्टीशी आणि मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशीही येतो. म्हणून तो केवळ भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहत नाही.

आघात आणि भार

एका स्वराभोवती बांधलेल्या उच्चाराच्या लहानात लहान घटकाला येथे ‘अवयव’ म्हटले आहे. ‘विसरतो’ या शब्दात लिहिलेली अक्षरे चार, पण अवयव तीन आहेत : वि–सर्–तो. अवयवाच्या शेवटी व्यंजन असेल किंवा त्यातील स्वर दीर्घ असेल तर तो भारित. ऱ्हस्व स्वरावर संपत असेल तर हलका. आघात म्हणजे शब्दातील एखादा अवयव इतरांपेक्षा अधिक जोराने, अधिक स्पष्टपणे उच्चारला जाणे. मराठीतील आघात सौम्य आहे आणि तो शब्दात नेमका कोठे पडतो याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भार मात्र वादग्रस्त नाही. मराठी उच्चारात जोर भारित अवयवाकडे ओढला जातो आणि हलक्या अवयवातील अकाराला लोपाची भीती असते. म्हणूनच मराठीपुरते बोलायचे झाल्यास आघाताचा शोध प्रत्यक्ष जोरापेक्षा त्याच्या परिणामांत घेणे अधिक फलदायी ठरते. कोणता अकार जगला व कोणता गेला, कोणता इकार आखडला, हे पाहिले की आघात कोठून कोठे सरकला ते कळते.

ज्या भाषांत आघात ठळक आहे त्यांच्याशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. स्लोव्हेनियन या स्लाव भाषेत आघाताचे स्थान ठरलेले नाही. तो शब्दागणिक व रूपागणिक बदलतो आणि मराठीप्रमाणेच तेथेही नेहमीच्या लेखनात दाखवला जात नाही. ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या ‘नोसीती’ या भाववाचक रूपात आघात दुसऱ्या अवयवावर आहे. ‘मी वाहून नेतो’ या अर्थाच्या ‘नोसिम’ या रूपात तो पहिल्यावर येतो. ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘गोवोरीती’ या क्रियापदात मात्र वर्तमानकाळाच्या ‘गोवोरीम’ या रूपातही आघात प्रत्ययाकडेच राहतो. म्हणजे आघाताचे स्थान सांगण्यासाठी केवळ स्वर मोजून भागत नाही. धातू कोणत्या गणातला आणि त्याला कोणता प्रत्यय लागला हे माहीत असावे लागते.

मराठी अध्यापकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. वैदिक संस्कृतातील क्रियापदाची स्थिती अशीच होती. ‘एमि’ (मी जातो) या रूपात उदात्त स्वर धातूवर आहे आणि धातू आपल्या सबळ रूपात, म्हणजे ‘ए’ असा आहे. ‘इमः’ (आम्ही जातो) या रूपात उदात्त प्रत्ययावर गेला आणि धातू आखडून ‘इ’ झाला. पाणिनीने याची व्यवस्था प्रत्ययाला जोडलेल्या अनुबंधाने केली. ‘प्’ हा अनुबंध असलेले प्रत्यय अनुदात्त असतात, असे अष्टाध्यायीतील ३.१.४ हे सूत्र सांगते. म्हणजे प्रत्यय आपल्याबरोबर आघाताची आज्ञा घेऊनच येतो. एवढेच नव्हे, तर ८.१.२८ या सूत्रानुसार वाक्यात क्रियापदेतर पदानंतर आलेले क्रियापद आपला उदात्त स्वर गमावते. शब्दाची घडण आणि उच्चारातील जोर यांचा संबंध इतक्या काटेकोरपणे मांडणारा दुसरा प्राचीन ग्रंथ दाखवणे अवघड आहे.

एका धातूची रूपे

आता मराठीतील ‘विसर’ हा धातू घेऊ. त्याची ईलाख्यातातील रूपे अशी होतात : विसरेन, विसरू, विसरशील, विसराल, विसरेल, विसरतील. लेखनात धातूचे ‘वि-स-र’ हे तिन्ही वर्ण सर्वत्र उपस्थित आहेत. उच्चारात ती विस्रेन, विस्रू, विसर्शील, विस्राल, विस्रेल, विसर्तील अशी आहेत. एकाच काळात, एकाच क्रियापदाच्या रूपावलीत, धातू दोन वेगवेगळे आकार धारण करतो. ज्या प्रत्ययांचा आरंभ स्वराने होतो (-एन, -ऊ, -आल, -एल) त्यांच्यापूर्वी धातू ‘विस्र्’ असा असतो. ज्यांचा आरंभ व्यंजनाने होतो (-शील, -तील) त्यांच्यापूर्वी तो ‘विसर्’ असा असतो.

कारण समजण्यास कठीण नाही. स्वरादी प्रत्यय आला की धातूचे अंत्य व्यंजन त्या स्वराकडे जाते. मागे राहिलेला ‘स’ आपल्या अकारासह एकटा, हलका अवयव होतो. तो अकार लोपतो आणि ‘स्’ मागच्या अवयवाला जाऊन चिकटतो. ‘विस्’ भारित होतो. व्यंजनादी प्रत्यय आला तर धातूच्या अंत्य व्यंजनाला पुढे जाण्यास जागा नसते; ते ‘स’शी बांधले जाऊन ‘सर्’ हा भारित अवयव तयार होतो आणि त्यातील अकार सुरक्षित राहतो. जोर पहिल्या अवयवाकडून दुसऱ्याकडे सरकतो तो असा. येथे वक्त्याने काही ठरवलेले नसते; प्रत्ययाचा पहिला वर्ण ते ठरवतो.

हा नियम इतर आख्यातांनाही तसाच लागू पडतो. ताख्यात (विसरतो) व लाख्यात (विसरला) यांचे प्रत्यय व्यंजनादी असल्यामुळे तेथे ‘विसर्’ टिकतो. वाख्यात (विसरावा), आज्ञार्थाचे अनेकवचन (विसरा) आणि ‘-ऊन’प्रत्ययान्त अव्यय (विसरून) येथे ‘विस्र्’ येतो. समज, उतर, परत, उलट, घसर, पसर, करम हे धातू याच मार्गाने जातात : समजते (समज्ते) पण समजून (सम्जून), उलटला (उलट्ला) पण उलटून (उल्टून), करमले (करम्ले) पण करमेना (कर्मेना).

यात लक्ष वेधून घेणारी जोडी ‘विसरत’ आणि ‘विसरतो’ ही आहे. चारही अक्षरे सारखी असून दुसऱ्या शब्दात केवळ एक मात्रा अधिक आहे. उच्चार मात्र ‘विस्रत’ आणि ‘विसर्तो’. ‘-तो’ हा प्रत्यय व्यंजनादी आहे; ‘विसरत’मधील प्रत्यय वस्तुतः ‘-अत’ असा स्वरादी आहे. लेखनात हा ‘अ’ धातूच्या अंत्य ‘र’मध्ये मिसळून जातो आणि अदृश्य होतो. देवनागरीत अकाराला स्वतंत्र चिन्ह नाही, ही तिची सोय आहे आणि तीच येथे अडचण होते. उच्चार ऐकला नाही तर प्रत्ययाचे खरे रूप काय, हे कळण्यास वाचकाजवळ साधन उरत नाही.

नियमाला मर्यादाही आहेत व त्या त्याच तत्त्वातून निघतात. ‘कर’, ‘बस’, ‘पळ’ या धातूंत एकच अकार उच्चारला जातो. तो गेला तर अवयवच उरणार नाही, म्हणून तो कधीही लोपत नाही. ‘खळखळ’, ‘धडपड’, ‘सळसळ’ या अभ्यस्त किंवा जोडधातूंत स्वरादी प्रत्ययापूर्वीही अकार टिकतो. ‘खळखळून’ या शब्दाचा उच्चार ‘खळ्खळून’ असाच होतो, कारण दुसऱ्या ‘ख’मधील अकार गेला तर तीन व्यंजने एकत्र येऊन उच्चार अडेल. ‘संपवून’मध्ये ‘प’चा अकार राहतो तोही याच कारणाने, त्याच्यापूर्वी अनुनासिक आधीच उभे आहे.

शब्दाचे थर

वरील नियम केवळ वर्णांच्या क्रमावर चालतो असे वाटण्याचा संभव आहे. तसे असते तर ‘शिकवणे’ आणि ‘शिकवणी’ यांचा उच्चार एकसारखा झाला असता, कारण दोहोंत वर्णांचा क्रम शेवटचा स्वर सोडल्यास एकच आहे. तो एकसारखा होत नाही, आणि येथेच शब्दाची अंतर्गत रचना पुढे येते.

‘शिक’ या धातूला ‘-अव’ लागून ‘शिकव’ हा प्रयोजक धातू होतो. त्याला भाववाचक ‘-णे’ हा व्यंजनादी प्रत्यय लावला की ‘शिकव्णे’. परंतु त्याच धातूला नाम साधणारा ‘-अण’ हा स्वरादी प्रत्यय लागला की ‘शिक्वण’ हे नाम तयार होते. ‘शिकवणी’ हा शब्द या नामाच्या पायावर उभा आहे. नाम एकदा घडले की त्याचा उच्चार पक्का होतो. पुढे -ई लागो, त्याचे अनेकवचन होवो किंवा ‘शिकवणीला’ असे विभक्तिरूप होवो, ‘शिक्वण’ हा गाभा हलत नाही. क्रियापदात मात्र धातू मोकळाच राहतो आणि प्रत्येक प्रत्ययाबरोबर त्याचा आकार नव्याने ठरतो. ‘आठवणी’ (आठ्वणी) आणि ‘आठवणे’ (आठव्णे) यांच्यातही हाच भेद आहे. अवयवांची बांधणी तळापासून वर, एकेका थराने होते. शेवटी लिहिलेल्या अक्षरांची ओळ पाहून ती एकदम ठरवता येत नाही.

लेखारंभी दिलेल्या वाक्यांचा उलगडा यावरून होतो. ‘शिकवणे’चे सामान्यरूप आणि ‘शिकवणी’चे अनेकवचन ही दोन्ही ‘शिकवण्या’ अशीच लिहिली जातात. पहिले थेट धातूवरून आले आहे, दुसरे नामावरून. ‘महाविद्यालयात शिकवण्याचा अनुभव’ आणि ‘शिकवण्यांचा धंदा’ हे शब्दप्रयोग उच्चारातच वेगळे होतात, ही अध्यापकांच्या दृष्टीने एक सूचक गोष्ट मानावयास हरकत नाही.

ऊठ, उठतो आणि करून

अकाराचे जे होते त्याचेच दुसरे रूप इकार-उकारांत दिसते. ‘तू ऊठ’, ‘तू शीक’, ‘फळा पूस’, ‘पाणी पी’, ‘हात धू’ ही आज्ञार्थाची रूपे दीर्घ. उठतो, शिकला, पुसून, पितो, धुतले ही ऱ्हस्व. धातू एकटा असताना शब्दाचा सारा भार त्याच्यावर असतो, म्हणून स्वर लांबतो. प्रत्यय लागला की भार वाटला जातो आणि धातूतील स्वर आखडतो. नामांतही हेच घडते : ऊस–उसाचा, गूळ–गुळाचा, मूल–मुलाला. ‘लाकूड–लाकडाला’, ‘पाटील–पाटलाला’ या नामांत तर स्वर आखडून न थांबता आपले रूपच गमावतो.

मराठी शब्दांत इकार-उकारांची लांबी बहुतांशी अशी स्थानानुसार ठरते. १९६२ मध्ये मान्य झालेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या १४ लेखननियमांत व १९७२ मध्ये त्यांत पडलेल्या ४ नियमांच्या भरीत अंत्य व उपान्त्य इकार-उकारांविषयीचे जे नियम आहेत, त्यांचा गाभा हाच आहे. ते नियम मनाने बसवलेले नाहीत. अकारान्तापूर्वीचा इकार-उकार दीर्घ लिहावा असे नियम सांगतो, तेव्हा तो भारित अवयवाचे वर्णनच करीत असतो. फक्त ‘भार’ हा शब्द वापरत नाही. विद्यार्थ्यांना नियम पाठ करावयास सांगितले जातात, त्यामागील उच्चाराचे कारण बहुधा सांगितले जात नाही. परिणामी ‘ऊठ’ शिकलेला विद्यार्थी ‘ऊठला’ लिहितो आणि ‘शीक’ लिहिणारा ‘शीकवतो’ लिहितो. त्याने रूप पाठ केलेले असते. रूप बदलते का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘करुन’ ही चूक थोडी निराळी आहे. ‘-ऊन’ हा प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतो, त्यातील ऊकार भारित अवयवात आहे, म्हणून ‘करून’ असे दीर्घ लिहावयाचे. पण मराठी वक्त्याच्या कानाला येथे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही आणि ‘र’ला लागणारा उकार-ऊकार छपाईत इतका सारखा दिसतो की डोळ्यालाही फरक जाणवत नाही. ‘करूनही’ या रूपात तर ऊकार शब्दाच्या मध्यभागी गेलेला असतो. तरी तो दीर्घच लिहावा लागतो, कारण ‘ही’ हे अव्यय ‘करून’ या पूर्ण झालेल्या शब्दाला बाहेरून जोडले आहे. येथेही थरांचाच हिशेब आहे. उत्तरपत्रिका तपासताना ‘ऊठला’ आणि ‘करुन’ या दोन्ही चुकांना एकाच लाल रेघेने निकालात काढणे सोयीचे असले तरी अध्यापनाच्या दृष्टीने ते योग्य नाही. पहिली चूक नियम अर्धवट समजल्याची आहे. दुसरी नियमाचा उच्चारातील आधार न दिसल्याची.

दिल्या, दिव्या, दऱ्या

‘दिव्याचा उजेड’ आणि ‘दिव्याचा भाऊ’ यांत ‘दिव्याचा’ हा शब्द एकसारखा लिहिला जातो. दुसऱ्यात, म्हणजे मुलीच्या नावात, ‘व्’ दुहेरी उच्चारला जातो आणि ‘दि’वर आघात येतो. पहिल्यात मूळ शब्द ‘दिवा’ आहे. सामान्यरूप होताना आलेला ‘य’ आघात निर्माण करीत नाही. दर्या (समुद्र) आणि दऱ्या (दरीचे अनेकवचन) हीही तशीच जोडी. येथे मात्र मराठी लेखनाने एक अपवादात्मक गोष्ट केली आहे : रफार आणि अर्धचंद्राकृती ‘ऱ’ अशी दोन चिन्हे ठेवून तिने आघाताचे असणे-नसणे कागदावर उतरवले आहे. आचार्यास व आचाऱ्यास यांतील भेद याच चिन्हाने कळतो.

क्रियापदांत हा प्रकार दोन ठिकाणी आढळतो. ‘करणारा’, ‘शिकवणारा’ यांची सामान्यरूपे ‘करणाऱ्या’, ‘शिकवणाऱ्या’ अशी होतात. तेथे रफार देऊन ‘करणार्या’ असे लिहिणे ही केवळ टंकाची चूक नसून उच्चाराचीही चूक आहे. दुसरे ठिकाण ‘दिल्या’, ‘केल्या’ ही लाख्याताची रूपे. ‘विद्या’तील ‘वि’ गुरू, पण ‘दिल्या’तील ‘दि’ लघू. मराठी वृत्तरचनेत जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानण्याचा संस्कृतातील नियम आघाताच्या अटीवर पाळला जातो, तो यामुळेच. गझल लिहिणारा नवखा कवी बहुधा येथेच प्रथम अडखळतो.

जुन्या रूपांकडून

आघाताच्या दुर्बल जागी असलेला स्वर झिजतो, हे मराठीच्या इतिहासातही दिसते. जुन्या मराठीतील ठेविले, बोलिला, चालिला या रूपांतील धातू व प्रत्यय यांच्यामधला इकार पुढे नाहीसा होऊन ठेवले, बोलला, चालला ही रूपे रूढ झाली. एकोणिसाव्या शतकातील गद्यात सर्रास आढळणारे ‘करितो’ आज ‘करतो’ झाले आहे. ‘सांगितले’, ‘मागितले’ यांनी मात्र आपला इकार सोडलेला नाही. ‘करावयाला’ या पाच अवयवांच्या रूपाचे ‘करायला’ असे तीन अवयवांचे रूप होऊन तेच आता प्रमाण मानले जाते.

या झिजेच्या मुळाशी असलेला आघात कोणता, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्वाचा वाद झाला. राल्फ टर्नर यांनी १९१६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात असे मत मांडले की, वैदिक स्वराचे स्थान मराठीच्या पूर्वरूपात बलाघाताच्या रूपाने टिकून राहिले होते. मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध करणारे झ्यूल ब्लॉक यांना हे मान्य नव्हते. पुढे अशोक केळकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात मराठीची स्वनव्यवस्था व पदव्यवस्था एकत्र अभ्यासली. या दोन व्यवस्था एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत, हे प्रस्तुत विषयापुरते तरी वरील उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

वाळव्याकडची रूपे

भूतकाळात घडलेली ही प्रक्रिया आज डोळ्यांसमोर पाहावयाची असेल तर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर (२०२५ मध्ये ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला) आणि त्याच्या भोवतालचा वाळवा–शिराळा परिसर, तसेच लगतचा कोल्हापूर जिल्हा यांतील बोलणे ऐकावे. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे वाटेगाव याच तालुक्यातले. या भागातील बोलीला साहित्याचे दार नवे नाही. वर्गात मात्र ती अजूनही ‘सुधारावयाची’ गोष्ट समजली जाते.

‘करतो आहे’ याचे प्रमाण बोलीत ‘करतोय’ होते. दोन शब्दांचा एक शब्द झाला, दोन आघातांचा एक झाला आणि ‘आहे’ केवळ ‘य’ होऊन उरला. इस्लामपूरच्या बाजूला हेच ‘करतुया’ असेही ऐकू येते. तेथे ‘तो’मधील ओकारही आखडून उकार झाला आहे. सांगली–कोल्हापूर पट्ट्यात आणखी एक रूप आहे. ‘करायला लागला आहे’ या तीन शब्दांत सात अवयव आहेत : क–राय–ला, लाग–ला, आ–हे. त्याचे ‘कराय लागलाय’ होते, म्हणजे चार अवयव; आणि पुढे ‘करालाय’, म्हणजे तीन. मी करालोय, तू करालायस, तो करालाय, ती करालीय अशी त्याची संपूर्ण रूपावली चालते.

यात काय उरले आणि काय गेले ते पाहण्यासारखे आहे. आरंभी धातू उरला, कारण अर्थ त्याच्याकडे आहे. अखेरीस लिंग, वचन व पुरुष दाखवणारा भाग उरला, कारण वाक्याचा अन्वय त्याच्याकडे आहे. मधला ‘-यला लाग-’ हा भाग, जो आघाताच्या दृष्टीने दुर्बल होता, तो गेला. त्याचबरोबर अर्थही बदलला. प्रमाण मराठीत ‘करायला लागला आहे’ म्हणजे क्रियेस आरंभ झाला आहे. ‘करालाय’ म्हणजे क्रिया चालू आहे. ‘लाग’ हा स्वतंत्र धातू होता तोवर त्याला स्वतःचा अर्थ व स्वतःचा आघात होता. आघात गेला तेव्हा अर्थही गेला आणि तो प्रत्ययात जमा झाला. ‘करावयाला’चे ‘करायला’ ज्या वाटेने झाले तीच ही वाट आहे. एकाला प्रमाण व दुसऱ्याला अशुद्ध म्हणण्यास भाषावैज्ञानिक आधार नाही. आधार आहे तो केवळ छापील रूढीचा. परीक्षेत प्रमाणरूपाची अपेक्षा ठेवावी, हे योग्यच. पण ‘करालाय’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची जीभ जड आहे, हा समज मात्र सोडून द्यावा लागेल.

अध्यापनातील प्रश्न

मातृभाषकाला विसर्तो–विस्रत हा फरक शिकवावा लागत नाही. तो शिकवावा लागतो इतरांना. सांगली जिल्ह्यातच, जत तालुक्यात, कन्नड मातृभाषा असलेले अनेक विद्यार्थी आहेत. कन्नड लेखनात व्यंजनातील अकार लिहिला म्हणजे उच्चारला जातो. त्या सवयीने असा विद्यार्थी ‘विसरतो’ हा शब्द वि–स–र–तो असा चार अवयवांत वाचतो. त्याचे वाचन अक्षरांशी पूर्ण प्रामाणिक असते, आणि तरीही वर्ग हसतो. ‘र अर्धा म्हण’ एवढे सांगून त्याचे काम भागत नाही, कारण पुढच्याच ओळीत ‘विसरून’ येते आणि तेथे अर्धा म्हणावयाचा तो ‘स’. त्याला धातू आणि प्रत्यय वेगळे करून दाखवावे लागतात : प्रत्ययाचा आरंभ स्वराने होत असेल तर धातूतील शेवटचा अकार गाळ, व्यंजनाने होत असेल तर ठेव. वीस-पंचवीस क्रियापदे अशी फोडून फळ्यावर मांडली तर एक तासिका पुरते.

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालींपुढेही नेमका हाच प्रश्न आहे. दृष्टिहीन विद्यार्थी पाठ्यपुस्तकांसाठी अशा प्रणालींवर अवलंबून असतात. केवळ अक्षरांच्या क्रमावरून अकाराचा लोप ठरवणारी प्रणाली ‘आठवणे’ बरोबर वाचेल तर ‘आठवणी’ चुकवेल, किंवा याच्या उलट करील. तिला शब्द नाम आहे की क्रियापद, आणि त्याचे घटक कोणत्या क्रमाने जुळले, हे सांगणारा शब्दकोश पुरवावा लागतो. नेहमीच्या मराठी शब्दकोशात ‘शिकवणी’ व ‘शिकवणे’ या नोंदी जवळजवळ येतात, त्यांचे अर्थ दिलेले असतात, व्याकरण दिलेले असते. कोणता अकार उच्चारावयाचा ते बहुधा दिलेले नसते.